गिझरची कॉइल, जॉबशीटवरचे 230 व्होल्ट आणि माझा अनुभव

सर्व्हिसवाला गिझर बघायला आला की तो काही बोलायच्या आधी त्याला विचारा, मीटर आणलाय का? क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट दाखवतो तो. नसेल तर त्याला कॉइलबद्दल एक शब्द बोलू देऊ नका.

आमचं गुहागरला. इथली आगरं माहीत असतील तर समजेल, घर रस्त्याला आणि मागे नारळ-पोफळीतून लांबलचक पट्टा थेट समुद्रापर्यंत. होमस्टेच्या खोल्या त्या टोकाला, लाईटच्या मीटरपासून 120 मीटरवर. तिथला 15 लिटरचा 2000 वॉटचा गिझर पाणी धड तापवेना, पहिल्याची अंघोळ झाली की दुसऱ्याला कोमट. गिझर वॉरंटीत होता म्हणून तक्रार टाकली, माणूस आला, आणि इथून पुढे सगळं अडलं.

त्याने झाकण उघडलं, बघितलं, म्हणाला "काका, कॉइल वीक झालीय." आणि जॉबशीटवर सप्लाय व्होल्टेजच्या रकान्यात सरळ 230 लिहून टाकलं. मीटर लावलाच नाही! मी विचारलं हे 230 कुठून आलं, तर म्हणे "सगळीकडे तेवढंच असतं." त्या एका आकड्यावर पुढचं सगळं उभं. व्होल्टेज बरोबर, म्हणजे दोष कॉइलचा, कॉइलवर क्षार जमलाय, क्षार वॉरंटीत बसत नाही, पैसे भरा. कस्टमर केअरला फोन केला की तिथली मुलगी तोच कागद वाचून दाखवायची, "सर, आमच्या इंजिनियरने 230 व्होल्ट नोंदवलेत." मी म्हणायचो नोंदवलेत पण मोजले नाहीत, ती म्हणायची तक्रार वर पाठवते, आणि संध्याकाळी मेसेज यायचा की आपली तक्रार निकाली निघाली आहे. परत नवीन तक्रार, परत तोच मेसेज. ऐन सीझनला खोली बंद ठेवायची वेळ आली. आजही तो मेसेज आठवला तरी डोकं फिरतं.

शेवटी गावातल्या वायरमनला बोलावलं आणि गिझर चालू असतानाच मोजायला लावलं. हे महत्त्वाचं, बंद असताना मोजलंत तर व्होल्टेज छान दिसतं, कारण करंट वाहत नसला की वायरीत काही पडतच नाही. लाईटच्या मीटरपाशी 222 व्होल्ट, गिझरच्या पॉइंटला 193, करंट 7.3 अँपिअर. आता शाळेतलंच गणित, व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स: 193 भागिले 7.3, आले 26.4 ओहम. कॉइल मुळात किती ओहमची असायला हवी? 230 चा वर्ग भागिले 2000, म्हणजे 26.45. म्हणजे कॉइल ठणठणीत! आणि पॉवर, 193 गुणिले 7.3, जेमतेम 1400 वॉट. व्होल्टेज 16 टक्के कमी पण पॉवर 30 टक्के कमी, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने पडते. 15 लिटर पाणी 27 वरून 55 डिग्रीला न्यायला 2000 वॉटला पंधराएक मिनिटं पुरतात, 1400 ला एकवीस लागतात.

(क्लॅम्प एकाच वायरीभोवती लावायचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर शून्य दाखवतो. आणि हे साधं गुणाकाराचं गणित गिझर, इस्त्री यांना चालतं, पंपाच्या मोटरला वॉट असे निघत नाहीत, तिथे पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट यातला काही हिस्साच खरे वॉट असतो.)

मग मधले 29 व्होल्ट गेले कुठे? वायरीत. 29 भागिले 7.3, म्हणजे 4 ओहम. वायर 1.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची, किलोमीटरला 13.3 ओहम, जाऊन-येऊन 240 मीटरला 3.2 होतात. उरलेल्या 0.8 ओहमने मात्र मला झोप लागेना, कारण 7.3 चा वर्ग गुणिले 0.8 म्हणजे 43 वॉट उष्णता, सोल्डरिंग आयर्न कुठेतरी चालू ठेवल्यासारखी. आगरात मधोमध एक जॉइंट बॉक्स होता, मेन बंद करून उघडला तर खाऱ्या हवेने तांबं हिरवंगार आणि टेप वितळलेली. सुकलेल्या झावळ्या तिथेच पडलेल्या असतात, विचार करा.

हे सगळे आकडे आणि मीटरचे फोटो टाकून लेखी मेल केला, एकच मागणी, जॉबशीटवरचे 230 खोडून 193 लिहा. तेव्हा कुठे दुसरा, वयाने मोठा माणूस आला, त्याने स्वतः मोजलं, कॉइल ओके लिहून सही केली. मला त्या सहीचा खरंच अभिमान वाटला.

हो, एक राहिलं, जॉबशीटवर सही करायच्या आधी प्रत्येक रकाना वाचा आणि फोटो काढून ठेवा.

आता मीटरपासून सलग 4 स्क्वेअर एमएमची वायर टाकलीय, मधे एकही जॉइंट नाही. गिझर चालू असताना 212 व्होल्ट, 8 अँपिअर, जवळजवळ 1700 वॉट. जुन्या वायरीचा चांगला तुकडा पाखाडीवरच्या, म्हणजे दगडी पायवाटेवरच्या, एलईडी दिव्यांना लावलाय, त्यांचा करंट इतका कमी की तिथे ती बारीक वायर आरामात पुरते.