मी क्राकुफला नांदायला गेलो

परवा संध्याकाळी गच्चीवरच्या मिरच्या गोळा करत होते. शेजारच्या काकू कठड्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली गं, आता खरं सांग. तिकडं जाऊन तुला मिळालं काय?"

काकूंना पगाराचा आकडा हवा होता, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "सासू मिळाली की." काकू हसल्या, मिरचीचा खाट नाकात गेला म्हणून शिंकल्या आणि आत गेल्या. त्यांना वाटलं मी टाळलं. टाळलं नव्हतं. म्हणून मंगळवार पेठेतल्या आईच्या घरी, पंख्याखाली बसून हे लिहितेय.

आपल्याकडनं पोरं परदेशी जातात ती शिकायला, नाहीतर कंपनी पाठवते म्हणून. मी पोलंडला, क्राकुफ शहरात नांदायला गेलो. (शुद्ध बोलायचं तर 'गेले'. पण कोल्हापुरात बायकासुद्धा गेलो, आलो, जेवलो असंच म्हणतात. या 'गेलो'नं माझी तिकडं काय फजिती केली ते पुढं येईलच.) नवऱ्याच्या देशात जाणं आणि नुसतं परदेशात जाणं यात फरक आहे, आणि तो मला तिथं पोचल्यावर पहिल्याच रविवारी कळला.

त्यासाठी आधी पुणं सांगावं लागेल. तोमेक पुण्यात नोकरीला होता, 2014 मध्ये आम्ही विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. नोटिशीचे तीस दिवस आमची नावं फलकावर होती. हरकत कुणी घेतली नाही, फक्त बाबांच्या एका मित्रानं फोटो काढून बाबांना पाठवला, 'ही आपलीच का?' म्हणून. मग चार वर्षं आम्ही पुण्यात राहिलो. सिलिंडरवाल्याचा फोन मी घ्यायचा, घरमालकाशी मी बोलायचं, त्याच्या नोंदणीची कागदपत्रं मी जुळवायची. तो कोल्हापूरला आला की लग्नाकार्यात पानावर बसून सगळ्यांकडं बघून हसायचा. त्याला दोनच मराठी शब्द पक्के येत, 'बास' आणि 'थोडंच', आणि त्या दोन्हींचा आमच्या मावश्यांवर काही परिणाम होत नसे. मी सगळ्यांना सांगायचे, "तो अबोल आहे हो, स्वभावच तसा."

2018 च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही क्राकुफला गेलो. नोवा हुता नावाच्या भागात त्याच्या आईचं घर आहे. 1949 पासून पोलाद कारखान्यासाठी वसवलेलं हे कामगारांचं नगर. रुंद रस्ते, राखी इमारती, तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझे सासरे त्याच कारखान्यात होते. त्या रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सहाजण बसले आणि माझा अबोल नवरा दोन तास बोलत होता. नकला करत होता. टेबलावर थाप मारत होता. त्याची आत्या डोळे पुसून पुसून हसत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि मी नुसती त्याच्याकडं बघत बसले. मनात म्हटलं, हा बाप्या कोण? चार वर्षं माझ्या घरात राहत होता तो नव्हे हा.

फायदे विचारता ना, तर माझ्या लेखी हा पहिला. बाकीचे सगळे याच्या मागून.

मग पाळी फिरली. आता बँकेत, दवाखान्यात, कुरिअरवाल्यापुढं तो बोलायचा आणि मी मान हलवत हसायची. चिडायचे सुरुवातीला. पण पुण्यात चार वर्षं तो काय भोगत होता हे मला त्या वर्षभरात समजलं, आणि त्यानंही ती उधारी मुकाट फेडली.

कागदाचं थोडक्यात सांगते, कारण तो विषय कंटाळवाणा असला तरी महत्त्वाचा आहे. माझ्या ओळखीतले जे नोकरीवर तिकडं आले, त्यांचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला. साहेबाशी भांडायचं म्हटलं तरी दहादा विचार करायचा. पोलिश नागरिकाची बायको म्हणून मला राहण्याचं कार्ड मिळालं, त्यावर कामासाठी वेगळा परवाना लागत नाही. पहिली नोकरी मला झेपली नाही, सहा महिन्यांत सोडली, आणि रात्री शांत झोपले. सरकारी आरोग्य विम्यातही तोमेकनं मला घरची व्यक्ती म्हणून जोडलं, जास्तीचा हप्ता नाही. कार्ड द्यायच्या आधी मात्र लग्न खरं आहे का बघायला दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. कोण कुठल्या कुशीला झोपतं, सकाळी आधी कोण उठतं. सासूबाई कशा आहेत असं विचारल्यावर मी इतकं सांगत सुटले की पलीकडच्या बाईंनी हात करून मला थांबवलं.

भाषा. सगळे घाबरवतात की पोलिश अवघड, पोलिशमध्ये सात विभक्ती. अहो, आम्ही प्राथमिक शाळेत प्रथमा ते संबोधन आठ घोकल्यात, छड्या खाऊन. माझ्या वर्गात दोन इंग्रज होते, त्यांना टेबल पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी हेच पटत नव्हतं. आपल्याला तीन लिंगं जन्मापासूनच पाठ. आपण 'चाक' म्हणतो तेव्हाचा च वेगळा आणि 'चार' म्हणतो तेव्हाचा वेगळा. पोलिशमध्ये त्या दोन्हींना चक्क वेगळी अक्षरं आहेत. आगीला ओग्येन म्हणतात, आपला अग्नीच. विधवेला व्दोवा. आणि मांसाला म्येंसो. हा शब्द कोल्हापूरच्या माणसाला शिकवावा लागत नाही.

अडले ते नेमकं जिथं सोपं जायला हवं होतं तिथं. पोलिशमध्ये भूतकाळात बाई 'बीवाम' म्हणते, म्हणजे मी होते, आणि पुरुष 'बीवेम', मी होतो. अगदी मराठीसारखं. पण माझ्या तोंडातली मराठी कोल्हापूरची! मी बिनधास्त बीवेम, बीवेम करत होते. बाईंनी चारदा दुरुस्त केलं, पाचव्यांदा विचारलं की तुमच्या भाषेत स्त्रीलिंग नाही का. मी म्हटलं, भाषेत आहे, गावात नाही. त्यांना ते इतकं आवडलं की पुढं वर्गात नवीन कुणी आलं की मला उभं करून सांगायला लावायच्या.

आणखी एक. पोलिशमध्ये बोलताना 'नो' म्हणजे 'हो'. पहिल्या भेटीत तोमेक आमच्या सोप्यात बसून आईशी फोनवर बोलत होता, "नो, नो, नो, नो." आमची आई आत येऊन कुजबुजली, "त्याच्या घरचे तयार नाहीत वाटतं."

आता सासूबाई. सुनेनं सासूला 'मामा' म्हणायचं, कारण मामा म्हणजे आई. आणि बोलताना तृतीय पुरुषात, 'मामाला चहा हवा का', 'मामानं बसावं'. माझी आजी तिच्या सासूशी अशीच बोलायची. घरात शिरताना चपला बाहेर, पाहुण्यालाही घरातल्या सपाता. उंबऱ्यावर उभं राहून हातात हात द्यायचा नाही. विसरलेली वस्तू घ्यायला माघारी आलात तर घटकाभर बसून मगच निघायचं. मी मनात म्हटलं, एवढा विमानखर्च करून मी आजीच्याच घरी आले की.

शहराच्या कडेला त्यांचा जमिनीचा एक तुकडा आहे. कामगार कुटुंबांना असे बागेसाठी तुकडे मिळायचे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या काकड्या मिठाच्या पाण्यात पडतात, शेपूची फुलं, लसूण आणि एका तिखट मुळाचे तुकडे घालून. बरण्या इमारतीच्या तळघरात, प्रत्येक घराला तिथं एक खण. आई मे महिन्यात चटणीसाठी जेवढा जीव टाकते, तेवढाच त्या काकड्यांसाठी मामा टाकतात. मिरच्या निवडणं, कांदा-लसूण, खोबरं, डंकावर नंबर लावून बसणं, हे सगळं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एक विचारलं, "कुटताना डोळे झोंबत नाहीत?" पुढच्या वर्षी त्यांनी एका बरणीत आमची चटणी घातली. तळघरात त्या बरणीवर चिठ्ठी आहे, 'कोल्हापूर'. खायला फारशी बरी नव्हती. पण दरवर्षी एक घालतात.

आई-बाबा 2022 च्या उन्हाळ्यात आले होते. आईला झुरेक दिलं, राईचं पीठ आंबवून केलेलं सूप. म्हणाली, "अंबीलच की, नुसतं त्यात अंडं पडलंय." बाबांपुढं फ्लाकीचा वाडगा आला. त्यांनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला. मला वाटलं संपलं. ते म्हणाले, "वजडी हाय ही!" आणि दुसरा वाडगा मागितला. तेव्हापासून पोलंड हा सुधारलेला देश आहे असं त्यांचं मत आहे. तिथं 'बाबा' म्हणजे म्हातारी, जरा ठसकेबाज बाई, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ट्रॅममध्ये मी "बाबा, इकडं बसा" म्हणून हाक मारली, तर पुढच्या आजींनी मागं वळून मला असं बघितलं की बास.

मीरा 2021 मध्ये झाली. बाळंतपणाची आणि पालकत्वाची मिळून 52 आठवड्यांची रजा मिळाली, ती मिळाली ती मिळालीच. पण हिवाळ्यात पावणेचारला दिवस मावळतो त्या शहरात, तान्हं पोर घेऊन एकटी बसले असते तर वेड लागलं असतं. मामा रोज दोन ट्रॅम बदलून यायच्या. माझ्यासोबत कामाला असलेली एक मुलगी, तीही इकडचीच, तिचं बाळंतपण एकटीचं झालं. तिची आई तीन महिने आली आणि गेली. मी तिच्यापेक्षा काही शूर नव्हते, माझी सासू गावात होती एवढंच.

आणि हो, हे सगळं कुणाच्या तरी पदरचं काढून मिळतं. त्याची आई जवळ म्हणजे माझी लांब. 2020 मध्ये आजोबा गेले, विमानं बंद होती, मी फोनवर बघितलं. त्यावर काही उतारा नाही आणि मी शोधतही नाही.

आजोबा उचगावचे. 2013 मध्ये तोमेकचं पहिल्यांदा घरात सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले होते. आजोबा एकटेच म्हणाले, "पोलंडचा? मग वळिवड्याचाच म्हणा की." आज जिथं आपण लग्नाचे कपडे घ्यायला जातो त्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या जागी, म्हणजे वळिवड्यात, 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-पोरं, रशियानं सैबेरियात हाकललेली, इराणमार्गे इथं आलेली. फाळणीनंतर त्याच बराकीत सिंधी कुटुंबं आली. आजोबा दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर तिथं दूध घालायला जायचे. तोमेकला त्यांनी 'द्झेन दोब्री' म्हणून नमस्कार केला, आणि माझा अबोल नवरा कोल्हापुरात पहिल्यांदा तासभर बोलला.

1 नोव्हेंबरला पोलंडमध्ये सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर दिवे लावतात, आपल्या सर्वपित्रीसारखं. 2020 मध्ये साथीमुळं दफनभूम्याच बंद ठेवल्या होत्या. मामांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन दिवे लावले. एक सासऱ्यांचा. दुसरा कुणाचा विचारलं तर म्हणाल्या, "दूधवाल्याचा."

या खेपेला निघताना त्यांनी माझ्या बॅगेत काचेचा एक दिवा घातला, झाकणाचा. इथल्या ख्रिश्चन दफनभूमीत छावणीतल्या लोकांच्या कबरी आहेत, तिथं लावायला. काल सकाळी मी, आई आणि मीरा गेलो. आईनं झेंडूची पाच फुलं घेतली होती. मी एक काढायला लावलं, पोलिश लोक मेलेल्या माणसाला सम संख्येत फुलं वाहतात म्हणून. "मेलेल्याला एक कमी व्हय?" असं पुटपुटत तिनं एक फूल केसात खोचलं. मी दगडांवरची नावं वाचत होते आणि मीरा माझे उच्चार दुरुस्त करत होती.

तिथं झाडलोट करणारा माणूस झाडू थांबवून बघत होता. शेवटी त्यानं आईला विचारलं, "ही माणसं तुमची कोण?"

आईनं पदर सावरला. "सोयरे," ती म्हणाली, आणि काडेपेटी मागितली.