रसवंतीपुढची सावली: पारोळ्याच्या उन्हात कॅनोपी उभारताना

धुळे-जळगाव हायवेला, पारोळ्याजवळ आमची रसवंती आहे. महाशिवरात्रीला चरखा सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडला की बंद होतो. म्हणजे धंदा सगळा उन्हाचाच. तरीही एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की ऐन दुपारी आमच्याकडे कुणी बसत नसे. चारचाकीवाले काच खाली करून ग्लास मागायचे आणि रस गाडीतच प्यायचे. लेकरं घेऊन आलेल्या बाया उभ्याउभ्या दोन घोट घेऊन निघायच्या. त्यांना दोन घटका टेकायची इच्छा असायची, हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळायचं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पत्र्याच्या शेडपुढे माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, ताडपत्री बांधलेली होती. तेव्हा तेवढंच परवडत होतं आणि तिनं बरीच वर्षं निभावलंही. पण दुपारी तिच्याखाली उभं राहून हात वर केला की तळहाताला धग लागायची. ऊन अडत होतं, पण तापलेली ताडपत्री स्वतःच खाली धग टाकत होती. शिवाय ती उतरती आणि ठेंगणी बांधलेली. गरम हवा वर चढते आणि तिला निघायला वाट नसली की तिथेच कोंडून राहते. त्या सावलीत बसणाऱ्याचं डोकं नेमकं त्या कोंडलेल्या हवेत असायचं.

पक्की शेड वाढवायची नव्हती. पुढची बरीचशी जागा रस्त्याच्या हद्दीत जाते आणि तिथे आपला एकही पाय रोवायचा नाही, हे आप्पांनी पहिल्यापासून पाळलं आहे. आमच्या मालकीच्या पट्ट्यात उभं करता येईल आणि गरज पडली की उतरवता येईल, असं काहीतरी हवं होतं. म्हणून फोल्डिंग कॅनोपी, म्हणजे चार पायांच्या सांगाड्यावरचं मिटवता येणारं कापडी छप्पर, घ्यायचं ठरलं, दहा बाय दहा फुटांच्या तीन.

घेण्याआधी एक काम केलं आणि ते मी प्रत्येकाला करायला सांगते. आमचे भाऊजी शाळेत विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, "वहिनी, आधी सावली कुठे पडते ते बघा, मग छप्पर घ्या." चार बांबू रोवून साडेसात फुटांवर एक जुनी चादर ताणली आणि दर तासाला सावलीच्या कडेनं जमिनीवर फक्कीची रेघ मारत गेले. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा सावली बरोबर चादरीखाली होती. तीन वाजता ती पाचेक फूट पूर्वेला सरकली होती. चारला आठ-नऊ फूट. म्हणजे दहा फुटांच्या कॅनोपीखाली चार वाजता सावलीची जेमतेम एक पट्टी उरते आणि बाकीची सावली शेजारच्या मोकळ्या जागेत पडते. आणि आपल्याकडे उन्हाचा खरा तडाखा तर तीन-चारलाच असतो.

त्या फक्कीच्या रेघांनी सगळी मांडणी ठरवली. आमचा हायवे पूर्व-पश्चिम जातो. तिन्ही कॅनोपी त्याच रेषेत, एकमेकींना लागून ठेवल्या की पश्चिमेकडचीची सावली मधलीखाली येते आणि मधलीची पूर्वेकडचीखाली. उघडी राहते ती फक्त पश्चिमेची बाजू, तिथे पडदा लावायचा. एकच कॅनोपी असलेल्याला दुपारनंतर बाकडी पूर्वेला सरकवावी लागतील. तेवढी मोकळी जागा पूर्वेला आधीच राखून ठेवावी.

पडदा कापडाचा घेतला नाही. ऐन दुपारी वाऱ्याची जी काही झुळूक येते ती कापडानं अडते, आणि जोराचा वारा आला की तोच पडदा शिडासारखा फुगून सांगाड्याला ओढतो. म्हणून ७५ टक्क्यांची शेडनेट घेतली, केळीच्या रोपवाटिकांवर असते तीच. हवा येऊ देते, ऊन बरंचसं अडवते. वर छपरालाही नेटच लावा, स्वस्त पडेल, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण हिरव्या नेटखाली माणसांचे चेहरे आणि रस दोन्ही विचित्र दिसतात. खायच्या-प्यायच्या जागी मला ते पटत नाही.

छपराला पांढरं पॉलिस्टर घेतलं, आतून चंदेरी लेप असलेलं. फिकट रंग ऊन परतवतो आणि गडद रंग पिऊन घेतो, इतकं सोपं आहे ते. त्याहून महत्त्वाची वाटली ती वरची टोपी. काही कॅनोप्यांच्या शेंड्याला खाली झरोका ठेवून दुसरं छोटं छप्पर असतं. गरम हवा त्या फटीतून निघून जाते आणि वाऱ्याचा दाबही थोडा सुटतो. आमच्याकडच्या उन्हाळ्याला टोपी नसलेली कॅनोपी घेऊच नये असं माझं मत आहे.

सांगाडा बघताना एका दुकानदारानं "एकदम हेवी माल आहे, ताई" म्हणत जो पाइप दाखवला, तो अंगठ्यानं दाबल्यावर आत गेला. दुसरीकडे जाड चौकोनी पाइपचा मिळाला. उचलायला जड आहे, दोन माणसं लागतात. पण सांध्याच्या जागी प्लास्टिकऐवजी लोखंड आहे, आणि मोडतं ते नेहमी सांध्यातच.

आता वारा. ह्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ह्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. खान्देशात मे-जूनमध्ये वावधन, म्हणजे वादळी वारा, कसं येतं ते केळीवाल्यांना विचारा, अर्ध्या तासात उभी बाग आडवी होते. भाऊजींनी हिशेब करून दाखवला. ताशी ५० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण १२ किलोचा दाब देतो. दहा बाय दहाचं छप्पर म्हणजे नऊ चौरस मीटरच्या वर, म्हणून तो पुरता त्यात भरला तर शंभर किलोच्या पुढे जोर लागतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट.

कॅनोपीबरोबर लोखंडी खुंट्या मिळतात, त्यांचा आमच्याकडे काही उपयोग नाही. काळी माती मेमध्ये इतकी भेगाळते की दुपारी ठोकलेली खुंटी संध्याकाळी हातानं निघते. आम्ही रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या आणल्या, मधोमध पाइपचा तुकडा उभा धरून काँक्रीट भरलं आणि पाय त्या तुकड्याला नट-बोल्टनं आवळले. एक बादली ४५ किलोच्या आसपास भरते. चार पायांना चार, म्हणजे एका कॅनोपीला १८० किलो. पाण्यानं भरलेली तेवढीच बादली वीस किलोची होते, म्हणून पाण्याच्या कॅनवर भरवसा ठेवू नका.

एवढं करूनही वादळात कॅनोपी उभी ठेवायची नाही. पश्चिमेला आभाळ काळवंडलं आणि धुळीची भिंत दिसली की गिऱ्हाइकांना पत्र्याच्या पक्क्या शेडमध्ये घ्यायचं, आधी कापड काढायचं, मग सांगाडा मिटवायचा. मी आणि आमचे हे, दोघं मिळून थोड्या वेळात करतो. पहिल्याच हंगामात असं वादळ आलं. आमच्या कॅनोप्या मिटवून आत ठेवलेल्या होत्या आणि समोरच्या बाजूची एक छत्री हायवेवर लोळत गेली. नशिबानं मागून ट्रक नव्हता.

गारव्यासाठी फवाऱ्याचे नोझल लावा असं लोक सुचवतात. आमच्या बोअरला मेमध्ये जेमतेम पाणी असतं, त्यामुळे तो विचार सोडला. साधा वाळ्याचा कूलर मात्र मस्त चालतो, कारण आपली दुपारची हवा कोरडी. तिन्ही बाजू उघड्या असल्यानं हवा खेळती राहते आणि ओल साचत नाही. जूनमध्ये दमट झालं की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा नुसता पंखा.

भज्यांची कढई मात्र कॅनोपीखाली घ्यायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. पॉलिस्टर पेटलं की वितळून थेंब थेंब खाली पडतं. आमच्याकडे शेजारचे दादा भजी काढतात, त्यांची भट्टी दूर आहे आणि प्लेटी इकडे येतात.

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारी माणसं आमच्यावरून जातात. कॅनोपी उभ्या केल्या त्या चैत्रात पहिल्यांदा ती दुपारी थांबली. एका आजीनं चपला काढल्या. टाचांना कापडाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, त्या सोडून पाय लांब केले आणि म्हणाली, "आठे बरं वाटस व माय." तिच्याकडून मी रसाचे पैसे घेतले नाहीत. पायी जाणाऱ्यांना बसायला रस घ्यावाच लागत नाही, हे आम्ही पाटीवर लिहून ठेवलं आहे. धंद्याचं म्हणाल तर आता दुपारी बाकडी भरतात. बसलेला माणूस दुसरा ग्लास मागतो. कॅनोप्यांचा खर्च त्याच हंगामात निघाला.

पाऊस लागला की कापड साध्या पाण्यानं धुऊन पुरतं वाळवायचं आणि उंदीर पोचणार नाहीत असं टांगून ठेवायचं. ओलं मिटवलं तर बुरशी लागते. पुढच्या हंगामात गाड्यांच्या जागेवर उंच शेडनेट बांधायची आहे. उन्हात तापलेल्या मोटरसायकलच्या सीटचा विचार करून माणसं लवकर उठतात आणि चारचाकीवाले तर अजूनही गाडीतच बसून रस पितात. त्या जागेवरही फक्कीच्या रेघा मारायला मी सुरुवात केली आहे.