गाडी रिकामी का?

आमच्या पंचवटीतल्या सोसायटीत रविवारी मुलांची चित्रकला घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तिसरी ते सहावीची पोरं. निसर्गचित्र म्हटलं की सगळ्यांचं एकच: दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी. म्हटलं, कागद-रंग राहू देत, आधी एक चित्र नीट बघू.

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन', म्हणजे 'गवताची गाडी', निवडलं. नदीच्या पाण्यात उभी एक रिकामी घोडागाडी, काठाला घर. मूळ चित्र १८२१चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आम्ही झेरॉक्सवाल्याकडून मोठी रंगीत प्रिंट काढून आणली. मोबाइलवर दाखवू नका. पोरं झूम करत बसतात, अख्खं चित्र कुणीच बघत नाही.

नाव, साल, देश काही सांगितलं नाही. गुपचूप बघायचं, मग मी प्रिंट पालथी घालणार आणि आठवेल ते सांगायचं. घोडे, गाडी, घर, कुत्रा... झालं, संपलं. प्रिंट पुन्हा सुलटी केली तर एकदम गलका, "अरे, धुराड्यातून धूर येतोय!" तिथून गाडी रुळावर आली.

माझा प्रश्न एवढाच असायचा, "कशावरून?" एक म्हणाली, सकाळ आहे, घरात चूल पेटलीय. दुसरा म्हणाला, छे, माणसं कधीच शेतात गेलीत. (मागे बसलेल्या एक आई हळूच उत्तरं पुरवत होत्या. त्यांना चहा करायला पाठवलं.) भांडण रंगल्यावर मग सांगितलं, की कॉन्स्टेबलने हे चित्र पहिल्यांदा मांडलं तेव्हा नावातच 'दुपार' होती.

पण शेतातली माणसं त्या दुसऱ्या मुलाला दिसली कुठून? जुन्या पुठ्ठ्याला काडेपेटीएवढी खिडकी कापून दिली होती. ती चित्रावरून सरकवत तो उजवीकडे पार मागच्या कुरणापर्यंत पोचला होता. तिथे गवत कापणारे आहेत, ठिपक्याएवढे. म्हणजे गाडी रिकामी का, तेही कळलं: गवत भरायला निघालीय.

मग पाण्यात का उभी? घोड्यांना पाणी पाजायला, असं बहुतेकांचं मत. दिंडोरीकडे शेती असलेल्या घरातला एक मुलगा म्हणाला, "आजोबा म्हणतात, उन्हाळ्यात लाकूड सुकतं, चाकाची धाव (वरची लोखंडी पट्टी) ढिली होते. मग चाक भिजवायचं." या चित्राबद्दल जाणकारही हेच कारण देतात. पोराने पुस्तक न उघडता सांगितलं.

रंगाचे ब्रश त्या दिवशी पिशवीतून निघालेच नाहीत, त्यावर एक-दोन पालकांनी नाकं मुरडली. पुढच्या खेपेला आपल्या नाशिकच्या शिवाजी तुपे यांचं निसर्गचित्र लावायचा विचार आहे. पुठ्ठ्याच्या खिडक्या पोरांनी घरी नेल्यात, त्या परत मागवायच्यात.