रँच घराचं गराज किती मोठं करावं?

मिशिगनमध्ये मी घरांच्या वाढीव बांधकामाचे नकाशे काढते. त्यामुळे गणपती असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, मंडळातलं कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतंच: "आमचं रँच घर आहे, गराज फार लहान पडतं. किती मोठं करू? तीन गाड्यांचं करून टाकू का?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेट्रॉइटच्या पश्चिमेला लिव्होनिया आणि आसपासच्या गावांत १९५०-६० च्या दशकांतली विटांची रँच घरं गल्लीच्या गल्ली भरून आहेत. एकच मजला, लांबट आकार, बसकं छप्पर. आपली मंडळी ही घरं मुद्दाम शोधून घेतात, कारण भारतातून चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांना जिना चढावा लागत नाही. गराज मात्र बऱ्याचदा २० बाय २० फुटांचं असतं. भिंतींची जाडी वजा केली की आत १९ फूट उरतात. मिनीव्हॅन साधारण १७ फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद. अशा दोन गाड्या उभ्या केल्या की दोन्ही भिंतींशी आणि मधे मिळून ६ फूट राहतात, म्हणजे प्रत्येक फटीला २ फूट. त्यातून आरसे वेगळे. जाड कोट घातलेल्या सासूबाईंनी तेवढ्या फटीतून उतरायचं आणि मूल कारसीटमधून काढायचं, हे मला पटत नाही. गराज २४ बाय २४ केलं तर त्याच फटी सव्वातीन फुटांच्या होतात आणि मागे डिकी उघडून सामान काढता येतं. म्हणून तिसऱ्या गाडीचा विचार करण्याआधी दोन गाड्या नीट मावतील असं बघा, हे माझं ठाम मत आहे.

आता वाढवायचं कुठल्या बाजूला? इथे बहुतेक लोक मोकळी जागा कुठे आहे ते पाहतात. मी आधी छप्पर पाहते.

रँचच्या छपराला उतार कमी असतो. १२ इंच आडवं गेलं की ४ इंच खाली, हा नेहमीचा हिशेब. आढं रस्त्याला समांतर असतं आणि उतार पुढे-मागे. वळचण जमिनीपासून सुमारे ८ फुटांवर. समजा गराज मागे ८ फूट वाढवलं आणि तोच उतार तसाच पुढे नेला, तर वळचण २ फूट ८ इंच खाली येते. उरले ५ फूट ४ इंच. तिथे उभंसुद्धा राहता येत नाही. पुढच्या बाजूलाही तीच गत, आणि तिथे तर दरवाजालाच ७ फूट उंची लागते. मग गराजवर काटकोनात वेगळं आढं उभारावं लागतं, आणि जुनं-नवं छप्पर जिथे मिळतं तिथे पन्हळ तयार होते. आमच्या हिवाळ्यात त्या पन्हळीत बर्फ साठतो, दिवसा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि पाणी शिंगल्सच्या, म्हणजे छपरावरच्या पातळ चकत्यांच्या, खाली शिरायला बघतं. करता येत नाही असं नाही. शिंगल्सखाली बर्फरोधक पडदा रुंद घालायचा, आढ्याची उंची घराच्या आढ्याच्या वर जाऊ द्यायची नाही. पण खर्च आणि पुढची देखभाल दोन्ही वाढतात. शिवाय पुढे आलेल्या गराजमुळे बैठकीच्या खोलीचा उजेड जातो आणि रस्त्यावरून घर दिसण्याऐवजी आधी दोन मोठे दरवाजे दिसतात.

बाजूला वाढवलं तर यातलं काही होत नाही. आढं त्याच रेषेत पुढे सरकतं, वळचण आहे तिथेच राहते. घर थोडं लांब होतं, आणि रँच लांबच शोभतं. अडचण असते ती हद्दीची. बाजूच्या हद्दीपासून किती फूट सोडायचे हे प्रत्येक गावाचा नियम ठरवतो, त्यात विजेच्या किंवा पाण्याच्या लाइनसाठी राखलेली पट्टी असेल तर तिथे पाया घालता येत नाही. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. घर घेताना मिळालेला सर्व्हे, म्हणजे हद्दीचा मोजणी नकाशा, काढून बघा.

मागे वाढवण्याचा हट्ट असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: नव्या भिंतीआड बेडरूमची खिडकी जाते का? आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी बेडरूमला थेट मोकळ्यावर उघडणारी खिडकी लागते, आणि गराजमधून बेडरूममध्ये उघडणारं दार नियमाला मुळीच चालत नाही. घर आणि गराज यांच्या मधल्या भिंतीला किमान अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्समचा बोर्ड), मधलं दार भरीव लाकडाचं किंवा २० मिनिटं आगीत टिकणारं. गाडीचा धूर घरात येऊ नये म्हणून त्या भिंतीतली प्रत्येक फट बुजवायला सांगा. कॉन्ट्रॅक्टर हे काम शेवटच्या दिवशी उरकून टाकतात, तेव्हा स्वतः उभं राहून करून घ्या.

आणि आईवडिलांसाठी एवढं करताय तर घरात शिरायच्या उताराचा विचार आत्ताच करा. गराजची जमीन घरापेक्षा खाली असते. दोन पायऱ्या म्हणजे १४ इंच धरा. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प एकास बारा लागतो, म्हणजे १४ इंचांना १४ फूट लांब आणि ३ फूट रुंद, वर दारापाशी वळायला सपाट जागा वेगळी. २४ फुटी गराजमध्ये हे गाड्यांबरोबर मावत नाही. २८ फूट रुंद केलं तर भिंतीलगत बसतं. आज रॅम्प नको असेल तर तिथे बर्फ हटवायचं यंत्र आणि सायकली ठेवा, पण पट्टी राखून ठेवा. जानेवारीत गाडीतून उतरून बर्फावर पाऊल न ठेवता घरात शिरणं, हे सत्तरीच्या माणसासाठी किती मोठं आहे, ते मी अनेक घरांत पाहिलं आहे.

दरवाजा १६ फुटी एकच ठेवण्यापेक्षा ९ फुटी दोन मला आवडतात. २४ फुटांत मधे आणि दोन्ही कडांना २-२ फूट भिंत उरते. छपराचा भार दरवाजावरच्या तुळईवर येत असतो, मधला खांब तो वाटून घेतो. पाया इथे ४२ इंच खोल घ्यावाच लागतो, नाहीतर गोठणारी माती तो उचलते. विजेची गाडी आज नसली तरी भिंत बंद करण्याआधी २४० व्होल्टच्या वायरसाठी पाइप टाकून घ्या, आणि जुन्या घराचं विजेचं पॅनेल १०० अँपिअरचंच असेल तर ते पुरेल का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

परमिटचे नकाशे हिवाळ्यात करून ठेवले तर थंडी सरताच खोदाई सुरू करता येते. सर्व्हेची प्रत आणि स्वयंपाकघराच्या दारापासून गराजच्या जमिनीपर्यंतची उंची मला पाठवा. मग तुमच्या घराला २४ पुरतील की २८ लागतील, ते नक्की सांगते.