पैलवान भाच्याचा प्रोग्राम, नववा आठवडा

भाचा कुस्ती खेळतो, त्याची ताकद वाढवायला मी बारा आठवड्यांचा जिमचा प्रोग्राम लावलाय, त्यातले नऊ झाले. मागच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांनी आकडे विचारलेले म्हणून आधी तेच सांगतो. स्क्वाट (खांद्यावर बार घेऊन बैठक) ८० किलोवर ५ रेप्स, म्हणजे सलग पाच वेळा होता, आता ९५ वर ५. एपलीच्या फॉर्म्युल्यानं, म्हणजे वजन गुणिले रेप्स भागिले ३० आणि ते मूळ वजनात मिळवायचं, अंदाजे मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येईल ते जास्तीत जास्त वजन, ९३ वरनं १११ वर आलाय. पोरगा ७४ किलोच्या गटात खेळतोय आणि त्याचं स्वतःचं वजन जागच्या जागी आहे, मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच आहे. प्रत्यक्ष मॅक्स मी काढत नाही, पाच रेप्सवरनं कळतंय तेवढं पुरेसं आहे, उगं पाठ कशाला धोक्यात घालायची.

आता खरी गोष्ट. चौथ्या-पाचव्या आठवड्यात माझी चूक झाली आणि ती इथं लिहून ठेवायला पाहिजे. मी फक्त जिमचा लोड मोजत होतो. पोरगा पहाटे तालमीत पाचशे बैठका, जोर, रस्सी सगळं करून येतोय, संध्याकाळी परत लढत आहे, आणि मी मधे सोमवारी हेवी स्क्वाट, बुधवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी परत स्क्वाट असं शीट भरून दिलेलं, कागदावर एकदम मस्त दिसत होतं. पाचव्या आठवड्यात वस्तादांनी मला बोलवून घेतलं आणि एवढंच म्हटले, "पाव्हणं, पोराचा पाय जड झालाय, पटात शिरंना." (पट म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायचा डाव.) माझ्या शीटमध्ये त्या आठवड्यात वजनं वाढलेलीच दिसत होती!

त्याच रात्री सगळं परत मांडलं. सेशन आरपीई म्हणतात ती पद्धत घेतली, प्रत्येक सेशन किती जड गेलं ते एक ते दहात पोराला विचारायचं आणि मिनिटांनी गुणायचं. जिम ५० मिनिटं, आठ नंबर, म्हणजे ४००. संध्याकाळची लढत ९० मिनिटं, सात नंबर, ६३०. पहाटेची मेहनत वेगळीच. म्हणजे जिम हा आठवड्याचा लहान भाग होता आणि मी त्यालाच पूर्ण प्रोग्राम समजत होतो.

मग बदल केले. हेवी दिवस तीनाचे दोन, त्यातला पायांचा दिवस तालमीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. त्या दोन दिवशी बैठका पाचशेच्या दीडशे, हे वस्तादांना विचारूनच, ते लगेच हो म्हटले. लोक म्हणतात जोर-बैठका जुन्या झाल्या, मला अजिबात पटत नाही, दम आणि सांधे त्यातनंच तयार होतात. पण पाचशे मारणाऱ्याला सहाशे मारायला लावून दम वाढतो, ताकद नाही. एकेरी पट काढून ७४ किलोचा गडी उचलायचा असतो तिथं जड वजनाचे कमी रेप्सच लागतात, ३ ते ५, मधे तीन-चार मिनिटं पूर्ण विश्रांती. ही विश्रांती पोराला पटत नव्हती, बसून राहणं म्हणजे आळस असं तालमीत लहानपणापासनं डोक्यात बसलेलं, ते काढायला दोन आठवडे गेले.

सहावा आठवडा डीलोड, म्हणजे मुद्दाम हलका, सेट निम्मे केले आणि वजन थोडंच उतरवलं. सातव्यात पोरगा परत चपळ.

आता मॅटची तयारी चालू आहे. कुस्ती तीन-तीन मिनिटांची, मधे तीस सेकंद, तर वाळूच्या पोत्यानं तेच टायमिंग लावलंय: पोतं मिठीत उचलायचं, चालायचं, टाकायचं, परत उचलायचं. पोतं चाळीस किलोचं, दुहेरी शिवून घेतलं, पहिलं फाटून गच्चीभर वाळू झाली, त्यावर ताईनं दोघांनाही झाडू दिला. पकडीसाठी बारवर टॉवेल टाकून पुल-अप्स. मानेची मेहनत मात्र वस्तादांच्याच हातात सोडलीय, त्यात मी पडत नाही.

काल तालमीत बघायला गेलेलो. तिसऱ्या लढतीतबी पट तेवढ्याच जोरात निघत होता. वस्ताद काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघून मान हलवली.

दहाव्यात स्क्वाट ९७.५ वर ३ रेप्सचे चार सेट. बैठकांचा आकडा वस्ताद ठरवतील तो.