"थोडंसं"

नर्सने दंडावरचा बीपीचा पट्टा सोडला आणि काही न बोलता पुन्हा गुंडाळला. तेव्हाच कळलं, आकडा बरा नाही.

१४८/९६.

"डोकं दुखतंय का गं?"

मी सवयीने म्हटलं, "थोडंसं. झोप नाही झाली ना."

"थोडंसं म्हणजे किती दिवस?"

तीन दिवस. घरात कुणालाच बोलले नव्हते. ३४वा आठवडा, डोकं दुखणारच, पाय सुजणारच, असं माझं मीच ठरवून टाकलेलं. (बाळाच्या लाथा मात्र वहीत मोजून लिहिते!)

मग प्रश्नांची सरबत्ती. डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? उजवीकडे बरगडीखाली दुखतं का? लघवीत प्रथिनं जातायत का, तेही तपासलं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं की लगेच दाखवायचं असतं, आणि बाळंतपणानंतरही काही आठवडे बीपी असं वाढण्याचा धोका असतो, हे आज कळलं.

रिपोर्ट ठीक आले. गोळी सुरू झालीय, दोन दिवसांनी परत बोलावलंय.

पण ते "थोडंसं" काही डोक्यातून जात नाही. तीन दिवसांचं दुखणं मी एका शब्दात गुंडाळलं होतं, तेही विचारल्यावर. तुम्हीही असंच करता का गं?