हेल्मेटला नमस्कार

म्हापशाहून पणजीला निघालो की गावाबाहेर बोडगेश्वराचं देऊळ लागतं आणि माझा उजवा हात हँडलवरून सुटतो. आधी कपाळ, मग छाती. कपाळ म्हणजे खरं तर हेल्मेटची काच, कारण बोटं तिथवरच पोचतात. हा हात अॅक्सिलरेटरचा, त्यामुळे स्कूटर क्षणभर कचरते. मागचा हॉर्न मारत नाही. बहुधा त्याचाही हात त्याच कामात असतो.

मी भाविक नव्हे. मुंजीतलं जानवं कॉलेजच्या पहिल्या वर्षीच खुंटीला लागलं. देवाधर्माचं विचारलं तर मी जरा ऐटीतच सांगतो की आपलं जे काय असेल ते आत. पण पुढे खुरीस, म्हणजे क्रॉस, दिसला की पुढचा बाइकवाला कपाळ, छाती, दोन्ही खांदे असं करतो, तेव्हा वाटतं, आपलं बरं, दोन ठिकाणांत भागतं.

आईला हा आत-बाहेरचा घोळ कधी पडला नाही. ईस्टरनंतर पंधराएक दिवसांनी म्हापशात मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त येतं. आई कपाळभर कुंकू लावून, नारळाच्या तेलाची बाटली घेऊन इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जाते. सायबीण लईराई देवीची बहीण, हे इथे सगळ्यांना ठाऊक. मी एकदा छेडलंच, "अगो, पण ती आता ख्रिश्चन ना?" आई बाटलीचं बूच घट्ट करत म्हणाली, "म्हणून काय बहिणीकडे जायचं नाही? रुसली म्हणजे?"

खुणांवरून माणूस ओळखणारेही इथे होऊन गेले. 1560 मध्ये पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म तपासणारं न्यायालय, आलं, त्याच सुमारास मंगेश देव कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला गेला. आणि इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांना काय काय बंद होतं! अंगणात तुळस नको, पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही. इथवर समजू शकतो. पण पुढे असंही होतं की हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही.

हे वाचलं त्या रात्री मी जेवताना ताटाकडे बघत बसलो. आमच्याकडे भात अळणीच शिजतो, मीठ ताटात डाव्या बाजूला, चिमूटभर. जानवं काढून मी मोकळा झालो होतो, आणि ही खूण रोज दोन वेळा कालवून खात होतो! कोणी मला कधी सांगितलं नाही की हा धर्म आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "मीठ घालून शिजवला तर नैवेद्याला वेगळा करावा लागतो, दोनदा कोण करत बसणार?"

परवा बायको मागे बसली होती. बोडगेश्वर मागे पडल्यावर तिने विचारलं, "हात का सोडलास?"

"सवय," मी म्हटलं.

"मग गाडी आधीपासूनच हळू का केलीस?"